दत्तक घोडा हरवलाय? चला, शोधायला निघू

सकाळी चंदी घेऊन तबेल्यात गेलात आणि दावण रिकामी. पोटात गोळा येणारच. एक खोल श्वास घ्या आणि ही कृती हातात धरून माझ्याबरोबर चला. घोडा मोठा जीव आहे. तो ठसे ठेवतो, लीद टाकतो, दुसऱ्या घोड्याला साद देतो आणि रस्त्यावरून गेला की चार माणसं वळून बघतातच. नीट शोधलं तर हाती लागण्याची आशा चांगली आहे.

ही कृती सोडवून आणलेल्या आणि संस्थेकडून दत्तक घेतलेल्या घोड्यासाठी आहे. वरातीतला, टांग्याचा, थंड हवेच्या ठिकाणी सवारीला जुंपलेला असा कोणताही घोडा असो, तुमच्याकडे येण्याआधी त्याने एक वेगळं आयुष्य काढलेलं असतं. तो गेला कुठे, याचा माग बऱ्याचदा त्या आयुष्यातच लागतो. म्हणून पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या, मधली एकही गाळू नका.

हे हाताशी घ्या: मोरकी, तीनेक मीटरचा मऊ दोर, झाकणाचा पत्र्याचा डबा आणि त्यात दोन मुठी रोजची चंदी, बॅटरी, पाण्याची बाटली, वही-पेन, चार्ज केलेला मोबाइल, दत्तक-कराराची प्रत आणि घोड्याचे फोटो. पायात बूट घाला, चपलेवर निघू नका.

पहिला अर्धा तास

१. घड्याळ पाहा आणि वेळ लिहा. त्याखाली दुसरी ओळ: घोडा शेवटचा कोणी पाहिला, किती वाजता, कुठे. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. सगळ्यांना एकत्र विचारलं की पहिला जे सांगतो तेच बाकीचे सांगतात.

२. एका माणसाला घरीच थांबवा. त्याने गेट सताड उघडं ठेवायचं, रोजच्या जागी रोजचं गवत टाकायचं आणि फोन हातात ठेवायचा. भूक लागली की पुष्कळ घोडे आपणहून परततात. परतलेल्या घोड्याला गेट बंद दिसलं तर तो पुन्हा चालू लागेल. तुमच्याकडे दुसरा घोडा, शिंगरू किंवा गाढव असेल तर त्याला बांधूनच ठेवा. त्याच्या ओरडण्यासारखं आमंत्रण दुसरं नाही.

३. जवळ मोठा रस्ता किंवा रेल्वे असेल तर आत्ताच फोन करा. रस्त्यासाठी ११२, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३, रुळांसाठी १३९ किंवा जवळचे स्टेशनमास्तर. "मोकळा सुटलेला घोडा अमुक गावाजवळ रस्त्यावर येऊ शकतो" एवढंच सांगा. घोडा रस्त्यावर आला की ते त्याच्या आणि गाडीतल्या माणसांच्याही जिवावर बेततं, म्हणून हा फोन शोधाच्या आधी.

४. कडी, दार आणि दोर नीट पाहा. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुरतडलेला किंवा ओढून तुटलेला दोर लोंबत्या धाग्यांचा असतो, कापलेला दोर सरळ कापलेला दिसतो. मोरकी खुंटीवरून गेली आहे का, हेही बघा. आणि सर्वांत महत्त्वाचं: दार बंद आहे का? हुशार घोडा ओठांनी कडी काढतो, पण बाहेर पडल्यावर ती पुन्हा लावत नाही. कडी लावलेली आणि घोडा गायब, तर सोबत माणूस होता असं धरा आणि सतरावी पायरी आजच करायची आहे हे वहीत लिहून ठेवा.

५. आवारातलं पाणी तपासा. विहीर, कालवा, सेप्टिक टाकीचं झाकण आणि शेततळं. शेततळ्याकडे विशेष जा. त्याचं काळं प्लास्टिक ओलं झालं की खूर ठरत नाहीत. पाणी प्यायला उतरलेला घोडा वर चढू शकत नाही आणि पोहून पोहून थकतो. घोडा आत दिसला तर तिथूनच १०१ ला फोन करा, मग पशुवैद्याला. तुम्ही पाण्यात उतरू नका, त्या प्लास्टिकवर तुम्हीही घसराल. गळ्यात फास टाकून ओढू नका. मोरकी घातलेली असेल तर काठावरूनच दोराने नाक पाण्याच्या वर राहील एवढा आधार द्या आणि त्याच्याशी बोलत राहा.

६. मग बाकीचं आवार पालथं घाला. गोठ्यामागची सावली, कडब्याची गंजी, आंब्याखालचा कोपरा, शेजाऱ्याचं मक्याचं रान. पुरुषभर उंच उसात उभा घोडा दहा पावलांवरून दिसत नाही. म्हणून कडेला उभं राहून ऐका. शेपटी झटकल्याचा, पानं ओरबाडल्याचा आवाज येतो.

७. ठसे शोधा. दारापासून गोल फिरत बाहेर जा, सरळ रेषेत धावू नका. गाय-म्हशीचा खूर मधून दुभंगलेला, घोड्याचा एकसंध गोल. नाल असेल तर कमानीसारखा ठसा उमटतो. नाल नसेल तर तळव्यातला त्रिकोण उठतो. गोल टोकाची बाजू म्हणजे तो गेला ती दिशा. ठशाची पुढची कड मातीत खोल रुतून माती मागे उडालेली असेल तर तो दौडत गेलाय, म्हणजे घाबरून. ठसे शांत, एकसारख्या अंतरावर आणि शेजारी बुटाचे ठसे चालत असतील तर कोणीतरी त्याला हाताने चालवत नेलंय. ते ठसे एका जागी घोटाळून संपले आणि तिथे टेम्पोच्या चाकाच्या खुणा असतील, तर त्या जागेचे फोटो शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढा आणि तिथे कोणालाही फिरू देऊ नका.

लीदही सांगते. ओली, चकचकीत लीद ताजी. वरून सुकलेली पण फोडल्यावर आत ओलसर असेल तर काही तासांची. तुम्ही आज तबेल्यातून काढून टाकलेल्या लिदीशी ताडून बघा, अंदाज चांगला येतो.

निघण्याआधीचे फोन

८. संस्थेला फोन करा. संकोच बाजूला ठेवा. "आपल्या हातून घोडा गेला, काय तोंड दाखवू" असं वाटून लोक दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि त्याच दोन दिवसांत घोडा जिल्हा ओलांडतो. करारात बहुधा ताबडतोब कळवण्याची अट असतेच. शिवाय तुम्हाला हवी असलेली माहिती त्यांच्याच फायलीत आहे.

९. त्या फायलीतून पाच गोष्टी लिहून घ्या. ही पायरी घाईत उरकू नका.

पहिली, चिपचा नंबर. मायक्रोचिप बसवलेली असेल तर तो १५ अंकी असतो. एकेक अंक परत वाचून घ्या.

दुसरी, तो आधी काय काम करायचा. मुंबईत पूर्वी व्हिक्टोरिया बग्गीला जुंपलेला घोडा डांबरी रस्त्याला आणि हॉर्नला सरावलेला असतो. तो रस्ता धरून चालत राहण्याची शक्यता मोठी, तेव्हा आधी रस्ता बघा. माथेरानसारख्या डोंगरावरचा घोडा पायवाट आणि चढ पसंत करेल. वरातीच्या घोडीसाठी आसपास लग्न किंवा बँड होता का ते विचारा. काही घोड्या त्या आवाजाकडे जातात, काही त्याच आवाजाने उधळतात. तुमची यांपैकी कोणती, हे संस्थेतल्या माणसाला ठाऊक असतं.

तिसरी, तो कशाला भितो. काठी, चाबकासारखी लवलवणारी फांदी, फटाके, ठरावीक पेहराव. शोधपथकातल्या कोणाच्याही हातात किंवा अंगावर ती वस्तू असता कामा नये. मारहाण सोसलेल्या घोड्यासमोर काठी घेऊन गेलात तर तो आणखी एक गाव पुढे जाईल.

चौथी, दोन्ही डोळे नीट आहेत का. सोडवून आणलेल्या घोड्यांत एका डोळ्याने अधू घोडे असतात. तसा असेल तर कोणता डोळा, ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. त्याच्यापर्यंत पोचाल तेव्हा यावर सगळं अवलंबून असेल.

पाचवी, जुना मालक कुठला आणि जुना मोतद्दार कोण. मोतद्दाराशी घोड्याचं बरं असेल तर त्याच्याकडून हाक मारल्याचा आवाज मोबाइलवर मागवा. तुमच्याकडे येऊन थोडेच महिने झालेल्या घोड्याला तुम्ही ठेवलेलं लाडाचं नाव कळतंच असं नाही, पण वर्षानुवर्षं चंदीच्या वेळी ऐकलेली हाक तो विसरत नाही. मारहाण त्याच माणसाने केली असेल तर मात्र हा आवाज चुकूनही वाजवू नका.

१०. पशुवैद्यांना कळवा. त्यांना गावोगावचे फोन येतात, "एक अनोळखी घोडा आलाय, लंगडतोय" हा फोन त्यांनाच आधी येईल. तुमचे नेहमीचे डॉक्टर नसतील तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक लावा. नालबंदालाही सांगा. चार तालुके फिरणारा तो माणूस घोडा चेहऱ्यापेक्षा खुरांवरून पटकन ओळखतो.

पायी शोध

११. दोघादोघांच्या जोड्या करा. एकटं कोणी जायचं नाही. प्रत्येक जोडीत एक जण तरी घोडा ओळखणारा हवा. कुत्रा बरोबर नेऊ नका आणि मोटारसायकलवरून "पिटाळून आणतो" म्हणणाऱ्या उत्साही मंडळींना प्रेमाने घरी थांबवा. त्यांना चहाची जबाबदारी द्या. घोड्याचा बचाव म्हणजे पळणं. मागे लागलेली मोटारसायकल त्याला पळायलाच शिकवते.

१२. प्रत्येक जोडीला एक दिशा वाटून द्या. पहिली जोडी ठशांच्या दिशेने. दुसरी जवळच्या पाण्याकडे, कारण घोड्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. तिसरी जिथे घोडे आहेत तिकडे: शेजारगावची घोडी, मेंढपाळांच्या वाड्यावरची तट्टं, लग्नाच्या घोड्यांचे तबेले. घोडा कळपाचा प्राणी, एकटं राहणं त्याला सोसत नाही. मनुष्यबळ उरलं तरच चौथी जोडी जुन्या मालकाच्या गावच्या रस्त्याला.

१३. दर काही मिनिटांनी थांबा आणि डबा वाजवा. खडखड, शांतता, पुन्हा खडखड. शांततेत कान द्या: खिंकाळी, फुरफुर, कुत्र्यांचं एका जागी भुंकणं. टिटवी एकाच ठिकाणी ओरडत राहिली तर तिथे कोणीतरी फिरतंय. सगळ्यांनी मिळून नावाने हाका मारू नका, गलका झाला की तो लपून उभा राहील. एकानेच, रोजच्या सुरात हाक मारायची.

१४. पहाटेच्या माणसांना विचारा. दूधवाला, पेपरवाला, मेंढपाळ, ऊसतोडीची टोळी, पंपावरचा रात्रपाळीचा मुलगा, टोलनाक्यावरचे कर्मचारी, रात्री शेताला पाणी द्यायला गेलेले शेतकरी. "घोडा पाहिलात का?" एवढंच विचारून थांबू नका. "कोणत्या रंगाचा? कोणत्या बाजूला चालला होता? पाठीवर काही होतं? मोरकी होती?" असं विचारा. रंग तुम्ही आधी सांगितलात तर समोरचा मदत करायच्या भरात मान डोलावतो. रंग त्यालाच सांगू द्या.

पंपाचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही असेल तर तिथल्या तिथे बघायची विनंती करा. बऱ्याच यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून उद्यावर ढकलू नका. लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्याकडे नोंदणी केलेला ड्रोन असेल तर उसाच्या फडांवरून फिरवून घ्या, पण उंचावरून. खाली आणलेल्या ड्रोनच्या घरघरीने घोडा उधळतो.

त्याच दिवशी सापडला नाही तर

१५. ओळखपत्र तयार करा. चार फोटो निवडा: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून चेहरा, चारही पाय. मग खुणा लिहा. रंग घोडेवाल्यांच्या शब्दांत लिहा, कारण वाचणारेही तेच आहेत: कुमैत, अबलख, नुकरा, मुष्की, पंचकल्याण. कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरा भाग किती उंच, जुन्या खोगिराचे किंवा जुंपणीचे पांढरे डाग, व्रण.

आणि भोवरे! कपाळावर, मानेवर, छातीवर, कुशीत केसांचे जे भोवरे असतात ते मोजून त्यांची जागा लिहा. चोरलेल्या घोड्याचा टिळा मेंदीने किंवा कलपाने झाकता येतो, आयाळ भादरता येते, शेपूट कापता येते. भोवरा रंगवला तरी भोवराच राहतो. पायांच्या आतल्या अंगाला खडबडीत, केस नसलेला खवल्यासारखा भाग असतो, त्याचा आकारही प्रत्येक घोड्याचा निराळा. जुन्या फोटोंत तो दिसतोय का बघा आणि मोठा करून जपून ठेवा.

१६. संदेश पाठवा. गावाचा गट, तालुक्याचा गट, घोडेवाल्यांचे गट, प्राणिमित्रांचे गट. मजकूर छोटा ठेवा. असा:

"हरवली आहे: पांढरी घोडी, नाव राणी, वय अंदाजे १४. उजव्या डोळ्यात फूल, मागच्या डाव्या पायाला जुना व्रण. मंगळवारी पहाटे (गाव, तालुका) येथून गेली. दिसल्यास पकडू नका, पळवू नका. नजर ठेवा, फोटो काढा आणि फोन करा: (तुमचा नंबर)."

एक खूण मात्र संदेशात मुद्दाम लिहू नका. उद्या कोणी "घोडी माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" म्हणाला की तीच खूण विचारा. फोटो किंवा त्या खुणेचं बरोबर उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. बक्षिसाचा आकडाही जाहीर करू नका, "योग्य बक्षीस" पुरेसं आहे.

१७. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. चोरीची शंका असेल तर गुन्हा नोंदवून घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ चोरीचं आहे. सांभाळायला ठेवलेल्यानेच विकला असेल तर कलम ३१६, विश्वासघात. "घोडा तर संस्थेच्या नावावर आहे" असं कोणी म्हणालं तर गोंधळू नका. चोरी ताब्यातून होते आणि ताबा तुमचा होता, तक्रार तुम्ही देऊ शकता. करार, चिपचा नंबर, ठशांचे फोटो जोडा. घोडा दुसऱ्या हद्दीतून गेला असला तरी पहिली नोंद कोणत्याही ठाण्यात होते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच घेतली नाही तर तक्रार पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा.

१८. कोंडवाड्यात स्वतः जा. मोकाट जनावर म्हणून त्याला कोणी आणून सोडलं असेल. गुरं कोंडण्याच्या १८७१ च्या कायद्यातल्या "गुरं" या व्याख्येत घोडा, घोडी, तट्टू, शिंगरू हे सगळे येतात. ग्रामपंचायत, शेजारची नगरपालिका, जवळची महापालिका अशा प्रत्येकाच्या कोंडवाड्यात डोकवा. फोनवर "घोडा नाही" ऐकून समाधान मानू नका, कित्येकदा फोनवरच्या माणसाने आज आत पाहिलेलंच नसतं. उशीरही नको. सात दिवसांत कोणी हक्क सांगितला नाही की जनावर लिलावाच्या वाटेला लागतं.

१९. रात्रीचा शोध आटोपता घ्या. अंधारात तुम्हीच विहिरीत पडाल. बॅटरी शेताच्या कडेने सावकाश फिरवा, घोड्याचे डोळे चमकतात. चमकले तर लगेच उजेड जमिनीवर वळवा, तोंडावर रोखू नका. बाकी रात्र गेट उघडं, गवत ताजं आणि घरच्या माणसाचा फोन चालू. उजाडायच्या आधी पुन्हा निघा. रस्ते मोकळे असतात, चरणारा घोडा उघड्यावर दिसतो.

२०. घोडेबाजाराकडे लक्ष ठेवा. घरी न आलेला, कोंडवाड्यात नसलेला, कुठेच न दिसलेला घोडा विकायला निघालेला असू शकतो. बाजाराचा हंगाम असेल तर तिथल्या व्यवस्थापनाला आणि स्थानिक पोलिसांना ओळखपत्र पाठवा: दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा, खंडोबाच्या यात्रेला नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव, सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज, नाशिक जिल्ह्यातलं येवला. लग्नसराईत शहरातल्या वरातीच्या तबेल्यांतून फिरा. गिऱ्हाईक म्हणून जा, शांतपणे बघा.

२१. दुसऱ्याच्या दावणीला दिसला तर हात लावू नका. ही सगळ्यांत अवघड पायरी आहे, मला ठाऊक आहे. गळा भरून येतो, धावत जावंसं वाटतं. थांबा. लांबून फोटो काढा, जागा लिहा, बाहेर या, ११२ ला आणि तपास अधिकाऱ्याला फोन करा, संस्थेला बोलवा. पशुवैद्य स्कॅनर फिरवून चिपचा नंबर वाचतील. चिप सहसा मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली असते. भांडण केलंत तर रात्रीतून घोडा हलवतील. आणि तो घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असतील, हेही शक्य आहे. आवाज न चढवता बोललात तर तोच माणूस विकणाऱ्याचं नाव सांगेल.

दिसला!

२२. आहात तिथेच उभे राहा. धावू नका, ओरडू नका, फोनवर आनंदाने किंचाळू नका. जोडीदाराला हाताने खूण करा की त्याने रस्त्याची बाजू अडवून लांब उभं राहावं. वेढा घालायचा नाही, नुसतं उभं राहायचं.

२३. डबा हळू वाजवा आणि चंदी त्याला दिसू द्या. तो आला तर उत्तम. आला नाही तर पुढची पायरी.

२४. तिरके चालत जा. खांद्याच्या रोखाने, नागमोडी, मधेच थांबत. डोळ्यात डोळे घालू नका, जमिनीकडे बघा आणि बोलत राहा. एक डोळा अधू असेल तर चांगल्या डोळ्याच्या बाजूने. तो दोन पावलं मागे सरला की तुम्हीही एक पाऊल मागे या. कान मागे पाडले, पुठ्ठा तुमच्याकडे वळवला की जागीच थांबा. मागून कधीही जाऊ नका.

२५. आधी दोर मानेवरून टाका. तो चंदी खात असताना दोर गळ्याभोवती सैल आला की अर्धं काम झालं. मग मोरकी. हाताला दोर गुंडाळू नका, तो उधळला तर बोटं जातील. दोराची घडी करून मुठीत धरा.

२६. जागेवरच तपासा. जबड्याखाली नाडी लागते. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. शांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप नसेल तर तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. पकडापकडीत आकडे चढतात, अर्धा तास विसावल्यावर पुन्हा मोजा. तरीही नाडी साठीच्या वर असेल, तो कुशीकडे वळून बघत असेल, लोळत असेल, तर पोटशूळ समजून लगेच डॉक्टरांना बोलवा. पाय टेकत नसेल तर चालवू नका, वाहन मागवा.

आसपास काय खाल्लंय तेही बघा. महामार्गाच्या दुभाजकातली कण्हेर घोड्याला विषारी आहे. आणि कोणाच्या खळ्यावरच्या धान्याच्या राशीत तोंड घातलं असेल, तर घोडा कितीही ताजातवाना दिसला तरी आजच डॉक्टर हवेत. घोड्याला ओकता येत नाही आणि खुरांच्या आतली सूज एक-दोन दिवसांनी उमटते.

घरी आणल्यावर

२७. पाणी थोडं थोडं द्या. अर्धी बादली, पाच मिनिटं विसावा, पुन्हा अर्धी.

२८. गवत द्या, चंदी नको. लाडाने पोतंभर हरभरा ओतायचा मोह होईल. आवरा. सुकं गवत आज, चंदी उद्यापासून हळूहळू.

२९. अंगावरून हात फिरवून जखमा शोधा. छाती आणि पाय आधी, काटेरी तार तिथेच लागते. खुरांत खिळा, काच बघा. जखम छोटी असली तरी धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा, घोड्याला धनुर्वात फार पटकन धरतो. कुत्रा चावल्याची खूण दिसली तर हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची लस त्याच दिवशी.

३०. सगळ्यांना "सापडला" म्हणून कळवा. पोलीस, संस्था, १९६२, स्टेशनमास्तर, जिथे जिथे संदेश गेला तो प्रत्येक गट. हे राहिलं तर पुढच्या महिन्यातही कोणीतरी त्याला रस्त्यात अडवून तुम्हाला फोन करेल.

३१. कडी बदला. ओठांनी न उघडणारी, खाली दाबून सरकवायची आणि वर साखळीचा आकडा. ती घोड्याच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर, दाराच्या खालच्या बाजूला बसवा.

३२. डॉक्टर आलेच आहेत तर चिप नसल्यास बसवून घ्या, आणि ते हात धुवत असताना चारही बाजूंचे ताजे फोटो काढा. भोवरे नीट दिसावेत म्हणून सकाळचं तिरपं ऊन अंगावर असताना काढा आणि एक संच संस्थेच्या फायलीला पाठवून द्या.